रॉक फॉस्फेट म्हणजेच ॲपेटाइट : आजऱ्यात चालेल, शिरोळात नाही, का ते सविस्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. कोल्हापूर जिल्ह्यात आजऱ्याकडं तुमची जमीन दोन तुकड्यांत, वर माळाला काजू आणि खाली भात. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट, स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं नेहमीचं खत) मिळेना म्हणून दुकानदारानं रॉक फॉस्फेटची पिशवी पुढं केली, "हे बी स्फुरदच आहे की, आणि स्वस्तात" म्हणून. सासरवाडी शिरोळची, मेहुण्याचा ऊस आहे, त्याच्यासाठीही दोन-चार पिशव्या न्यायच्या मनात आहे. आणि नेटवर वाचलं की रॉक फॉस्फेट म्हणजे ॲपेटाइट नावाचं खनिज, आणि गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सोनारांच्या पेठेत, बहिणीला ॲपेटाइट म्हणूनच एक निळा खडा दाखवला, तर खत आणि खडा एकच कसं काय.

आधी उत्तर, मग कारणं. काजूला टाका, पण पद्धत पाळून. भाताला टाकायचं असेल तर वेळ महत्त्वाची, ती खाली सांगतो. शिरोळला अजिबात नेऊ नका, टेम्पोचं भाडं पण वाया जाईल. आणि खडा, खत दोन्ही एकच खनिज आहे हे खरं. माझी नोकरी सगळी खतं आणि खनिजं तपासायच्या लॅबमध्ये गेली त्यामुळं हा दगड मी पावडर करून, ॲसिडात घालून, मायक्रोस्कोपखाली धरून सगळ्या बाजूंनी बघितलाय, म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ॲपेटाइट म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, पण नुसतं तेवढंच नाही, त्याच्या स्फटिकात एक जागा अशी असते की तिथं फ्लोरिन, क्लोरिन नाहीतर हायड्रॉक्सिल यापैकी कोण तरी बसलेलं असतं, आणि कोण बसलंय त्यावर फ्लोरॲपेटाइट, क्लोरॲपेटाइट, हायड्रॉक्सीॲपेटाइट अशी नावं पडतात. खडकात आणि खाणीत सापडतो तो बहुतेक फ्लोरिनवाला. शुद्ध फ्लोरॲपेटाइटमध्ये खताच्या हिशेबानं, म्हणजे पीटूओफाइव्ह (फॉस्फरसचं ऑक्साइड) धरून, साधारण ४२ टक्के स्फुरद आणि पावणेचार टक्क्यांच्या आसपास फ्लोरिन असतं. हा ४२ चा आकडा लक्षात ठेवा, कारण तुमच्या पिशवीवर १८ टक्के लिहिलंय म्हणताय, त्याचा अर्थ पिशवीत निम्म्याहून कमी ॲपेटाइट आहे आणि बाकीचं चुनखडी, डोलोमाइट, वाळू असलं काहीतरी. त्यात फसवणूक नाही, दगड तसाच निघतो, फक्त आपण काय विकत घेतोय ते माहीत पाहिजे.

स्फटिक सहा बाजूंचा, लांबट, रंग विचाराल तर हिरवा, निळा, पिवळा, तपकिरी, जांभळा, बिनरंगी, सगळेच. रंगावरून ओळखायला जाल तर फसाल, बेरिल आणि तुरमली यांच्याशी शेकडो वर्षं लोकांची गल्लत होत आलीये. ओळखायचा तर कठीणपणावरून. मोहसच्या स्केलवर, जिथं १ ला संगजिरा आणि १० ला हिरा आहे, तिथं ५ नंबरला नमुना म्हणून ॲपेटाइटच ठेवलाय. चांगल्या पोलादी चाकूनं जोर लावला की ओरखडा उठतो, तो स्वतः मात्र काचेवर नीट ओरखडा काढत नाही. बेरिल, तुरमली दोन्ही सातच्या पुढं, ती काच आरामात कापतात. वजनाला जरा भारी, पाण्याच्या ३.१ ते ३.२ पट. कॅल्साइटवर थंड पातळ ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतं, शुद्ध ॲपेटाइट फसफसत नाही, गप विरघळतो. आणि खात्री करायची लॅबची पद्धत म्हणजे पावडर नायट्रिक ॲसिडात विरघळवायची, त्यात अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, थोडं गरम करायचं, हळदीसारखा पिवळा साका आला की फॉस्फेट आहे. अजून हा साका बघायला मजा येते.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो कारण हे मला दर वर्षी कोण ना कोण विचारतं. आपल्या खाणींत, विहीर खणताना, काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे-हिरवट चकचकीत स्फटिक निघतात, पुणे, नाशिक, जळगावकडं तर ते जगप्रसिद्ध आहेत, आणि लोक ते ॲपेटाइट म्हणून घेऊन येतात. ते असतं अपोफिलाइट. कठीणपणा पाचच्या जवळपासच म्हणून गोंधळ होतो. पण ते सिलिकेट आहे, फॉस्फेटचा त्याच्याशी संबंध नाही, हातात घेतलं की हलकं लागतं आणि वरच्या बाजूनं पापुद्र्यासारखं सरळ तुटतं, तिथं मोत्यासारखी चमक असते. ॲपेटाइट असा सरळ तुटत नाही, वेडावाकडा फुटतो.

मग आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ॲपेटाइट नाहीच का? आहे की, सगळीकडं आहे, पण दिसणार नाही. आपला काळा बेसॉल्ट पातळ कापून मायक्रोस्कोपखाली बघितला की त्यात सुईसारखे बारीक ॲपेटाइटचे स्फटिक सापडतात. जगातल्या जवळपास प्रत्येक अग्निजन्य खडकात तो थोडाथोडा असतोच. बेसॉल्टमध्ये स्फुरदाचं प्रमाण टक्क्याच्या चौथाई भागाच्या आसपास, म्हणजे खाण काढायला काही उपयोग नाही, पण लाखो वर्षांत दगड झिजून माती झाली तेव्हा मूळचं स्फुरद आलं ते ह्या सुयांमधूनच.

खाण काढण्यासारखा साठा दोन तऱ्हेचा. एक अग्निजन्य, तिथं मोठे स्फटिक मिळतात, रशियात कोला द्वीपकल्पावर खिबिनीचे डोंगर, दक्षिण आफ्रिकेत फालाबोरवा, आपल्याकडं तामिळनाडूत सेवत्तूर, बंगालमध्ये पुरुलियाजवळ बेल्डिह, आंध्रात विशाखापट्टणमकडं काशीपट्टणम, झारखंडात सिंहभूम. दुसरी तऱ्हा समुद्रात साचलेल्या फॉस्फोराइटची, आणि जगाचं खत मुख्यतः ह्याच्यावर चालतं. समुद्राच्या खोलातलं थंड, पोषक पाणी किनाऱ्याजवळ वर येतं तिथं जीवसृष्टी दाट असते, ते सगळं मरून तळाला साचतं, त्यातलं फॉस्फेट चिखलात ॲपेटाइट म्हणून बसतं. मोरोक्को आणि त्याच्या ताब्यातला पश्चिम सहारा मिळून जगातल्या ज्ञात साठ्याचा जवळपास ७० टक्के भाग आहे, खणण्यात मात्र चीन पुढं. जॉर्डन, इजिप्त, ट्युनिशिया, टोगो, अमेरिकेत फ्लोरिडा ही पण मोठी नावं. पॅसिफिकमधल्या नाऊरू बेटावर पक्ष्यांच्या विष्ठेशी नातं असलेलं फॉस्फेट इतकं खणलं की बेटाचा मधला भाग नुसता खडकांचा सांगाडा राहिलाय.

भारतात मोठं नाव एकच, उदयपूरजवळचं झामरकोटडा. १९६८ साली सापडलं. तिथला दगड बघण्यासारखा आहे खरंच, अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी उथळ समुद्रात निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून जे खांब बांधले, स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात त्यांना, ते खांबच फॉस्फेटचे झालेत. कापलेल्या दगडात निळसर-करड्या कमानी एकावर एक दिसतात. चांगल्या प्रतीचा माल ३० टक्क्यांच्या वरचा, तो कारखान्यांना जातो, हलका माल दळून थेट खत म्हणून नाहीतर आधी प्रक्रिया करून. मध्य प्रदेशात झाबुआ आणि सागरकडं हिरापूर, उत्तर प्रदेशात ललितपूर, उत्तराखंडात मसुरी, इथं पण साठे आहेत. पण देशाची भूक एवढी मोठी की दगड, फॉस्फोरिक ॲसिड आणि तयार डीएपी ह्या तिन्ही रूपांत आपण बाहेरून घेतो, म्हणूनच तिकडं कुठं युद्ध पेटलं, चीननं निर्यात थांबवली की आजऱ्यातल्या दुकानात डीएपी संपतं.

आता खरा मुद्दा. ॲपेटाइट पाण्यात विरघळत नाही. म्हणजे इतका कमी की शेतकऱ्याच्या दृष्टीनं नाहीच. त्याला विरघळवतं ते ॲसिड. तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर ह्याच्यातच आहे, ॲसिड कोण देणार एवढंच बघायचं.

कारखान्यात ते सल्फ्युरिक ॲसिड देतं. १८४२ मध्ये इंग्लंडात जॉन बेनेट लॉज यानं ह्याचं पेटंट घेतलं, सुरुवातीला हाडांवर आणि मग दगडावर सल्फ्युरिक ॲसिड टाकून सुपर फॉस्फेट बनवलं. आपल्या देशात १९०६ साली तामिळनाडूत राणीपेटला सुरू झालं. आजही पद्धत तीच, दळलेला दगड आणि ॲसिड एकत्र, घट्ट लापशीसारखं होतं, मग ढीग लावून काही आठवडे मुरू देतात. ॲपेटाइट मोडतो, पाण्यात विरघळणारं मोनोकॅल्शियम फॉस्फेट तयार होतं, आणि उरलेला कॅल्शियम ॲसिडातल्या सल्फेटबरोबर जिप्सम होतो. हे जिप्सम खतातच राहतं, म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट मध्ये स्फुरद १६ टक्केच पण जोडीला ११ टक्के गंधक. आपल्याकडच्या भुईमूग आणि सोयाबीनला ते गंधक सोन्यासारखं आहे, आणि लोक डीएपीच्या मागं लागून ते फुकटचं गंधक घालवतात हे माझं जुनं दुखणं. डीएपीला ॲसिड जास्त घालून आधी फॉस्फोरिक ॲसिड वेगळं काढतात, त्यात अमोनिया सोडतात, त्यामुळं १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. तिथं जिप्सम बाहेर पडतं, एक टन स्फुरदामागं जवळपास पाच टन, त्याला फॉस्फोजिप्सम म्हणतात, आणि कारखान्यांच्या बाहेर त्याचे डोंगर उभे आहेत.

तोंडात ॲसिड देतात ते बॅक्टेरिया. हे मधेच का सांगतोय ते कळेल. दाताचं वरचं इनॅमल वजनानं ९५-९६ टक्के खनिज आहे आणि ते खनिज म्हणजे हायड्रॉक्सीॲपेटाइट, हाडातही तेच, फक्त बारीक आणि कोलॅजनमध्ये गुंफलेलं. गोड खाल्लं की बॅक्टेरिया ॲसिड सोडतात, तोंडातला सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागतं. पेस्टमधलं फ्लोराइड काय करतं तर हायड्रॉक्सिलच्या जागी जाऊन बसतं, पृष्ठभाग फ्लोरॲपेटाइटसारखा होतो आणि तो ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतो. मी मघाशी म्हटलं खाणीतला दगड बहुतेक फ्लोरिनवाला. म्हणजे तुमच्या पिशवीतला माल दातापेक्षा चिवट आहे.

हेच फ्लोरिन खडकातून खोल बोअरच्या पाण्यात उतरलं की उलटा त्रास, यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडं काही गावांत दात पिवळे-तपकिरी पडतात, हाडं आखडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत बरं, १.५ च्या वर नको असं आपलं मानक सांगतं.

आता शेतात या. शेतात ॲसिड कोण देणार? जमीन. आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, भुदरगड, आजरा, चंदगड ह्या पट्ट्यात पाऊस प्रचंड, त्यानं मातीतला कॅल्शियम, मॅग्नेशियम धुवून नेला, मागं राहिलं लोखंड आणि ॲल्युमिनियम, जांभा आणि तांबडी माती. तिचा सामू बऱ्याच ठिकाणी ५ ते ६ च्या मधला. पूर्वेला हातकणंगले, शिरोळ, पाऊस कमी, काळी जमीन, चुनखडी भरपूर, सामू ८ आणि काही ठिकाणी त्याच्याही वर. एकाच जिल्ह्यात शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत दोन टोकं.

रॉक फॉस्फेट थेट टाकायचं तर साधारण नियम असा की सामू ५.५ च्या खाली पाहिजे, मातीत कॅल्शियम कमी पाहिजे, ओल टिकली पाहिजे, सेंद्रिय माल पाहिजे. मातीतलं ॲसिड दगडाला कुरतडतं आणि सुटलेला कॅल्शियम मुळं घेतात नाहीतर पावसाबरोबर जातो, म्हणून क्रिया पुढं सरकत राहते. आजऱ्यात ५.५ च्या खालच्या जमिनीत हे बसतं.

शिरोळात काय होतं बघा. तिथं ॲसिड तर नाहीच, वर कॅल्शियम ठासून भरलेलं. तिथं तुम्ही चांगलं पाण्यात विरघळणारं सुपर फॉस्फेट टाकलं तरी काळी माती त्यातल्या फॉस्फेटला कॅल्शियम जोडत जाते, आधी डायकॅल्शियम फॉस्फेट होतं, मग ऑक्टाकॅल्शियम, आणि वर्षानुवर्षांत वाटचाल परत ॲपेटाइटकडेच. कारखान्यानं ॲसिड, वीज, पैसा घालून जो दगड मोडला तो ही जमीन हळूहळू पुन्हा बांधते. ज्या मातीचं काम ॲपेटाइट बनवायचं तिच्यात ॲपेटाइट टाकून तो विरघळेल ही आशाच चुकीची. माती परीक्षणात एकूण स्फुरद भरपूर दिसेल, उपलब्ध स्फुरद होतं तिथंच राहील. दुकानदार म्हणतो "स्फुरदच आहे" ते खोटं नाही, पण पिकाला मिळणारं स्फुरद किती हा प्रश्न त्याला विचारा.

पण तांबड्या मातीचीही एक खोड आहे. ती दगड विरघळवते खरी, पण सुटलेलं फॉस्फेट लोखंड-ॲल्युमिनियम लगेच धरून ठेवतं. म्हणून पिकाच्या मुळाची आणि फॉस्फेटची गाठ त्याआधी पडली पाहिजे, आणि म्हणूनच काजूसारखं बारमाही, खोल मुळाचं, बुरशीची मदत घेणारं झाड ह्या खताला लायक. हळूहळू सुटतं, झाड हळूहळू घेतं. तीन महिन्यांच्या पिकाला एवढा दम नसतो.

आणि आणखी एक, सगळा रॉक फॉस्फेट सारख्या जातीचा नसतो. समुद्री फॉस्फोराइटमधल्या ॲपेटाइटच्या स्फटिकात थोडं कार्बोनेट शिरलेलं असतं, जितकं जास्त शिरलं तितका तो कच्चा आणि लवकर विरघळणारा. उत्तर आफ्रिकेतला काही माल असा नरम आहे. आपले भारतातले दगड फार जुने, दाबलेले, तापलेले, त्यामुळं ते आळशी. म्हणून परदेशातल्या प्रयोगांचे आकडे दाखवून कोण विकायला आला तर विचारा की दगड कुठला. आणि दळण मैद्यासारखं बारीक पाहिजे, बोटांत खरखरीत लागलं तर परत द्या.

तर काजूला असं करा. पावसाच्या सुरुवातीला झाडाच्या पानांच्या घेराखाली चर काढून, शेणखतात मिसळून, चरात द्या, वरच्या वर फेकू नका. त्या वर्षी त्याच जागी चुना किंवा चुलीची राख टाकू नका. लोक आम्लता कमी करायला चुना टाकतात आणि त्याच हातानं रॉक फॉस्फेट, मग ॲसिडच मारून टाकलं तर दगड कशानं विरघळणार. त्याहून चांगली पद्धत म्हणजे खड्ड्यात कंपोस्ट करतानाच मिसळायचं, शेण-पालापाचोळ्याच्या टनाला शंभरेक किलो, ओल राखायची, अधूनमधून उलथायचं, सुरुवातीची उष्णता उतरली की स्फुरद विरघळवणारे जीवाणू टाकायचे. कुजताना जी सेंद्रिय ॲसिडं तयार होतात ती दगडाला आधीच मोडतात आणि ह्युमस त्या फॉस्फेटला लोखंडापासून थोडं लांब ठेवतं. साखर कारखान्याचा प्रेसमड (रस साफ करताना निघणारा गाळ) मिळाला तर फारच छान, त्यात स्वतःचं स्फुरद असतं. का असतं तेही जाता जाता, उसाच्या रसात चुना घातला की रसातल्या फॉस्फेटशी जुळून कॅल्शियम फॉस्फेटचा साका होतो आणि तोच घाण घेऊन खाली बसतो, रसात फॉस्फेट कमी असेल तर कारखाने वरून फॉस्फोरिक ॲसिड घालतात. म्हणजे प्रेसमडमध्ये आपल्या ॲपेटाइटचाच चुलतभाऊ आहे.

नुसत्या जीवाणूंच्या बाटलीवर मात्र फार विसंबू नका. आम्ल मातीत, कंपोस्टबरोबर ते काम करतात, पण शिरोळच्या चुनखडीच्या जमिनीत ते जेवढं ॲसिड सोडतात तेवढं चुनखडीच पिऊन टाकते.

भाताचं वेगळं. भाताच्या खाचरात पाणी साठलं की काही आठवड्यांत आम्ल मातीचा सामू वर चढून सातच्या जवळ येतो, म्हणजे रॉक फॉस्फेटचं विरघळणं थांबतं. त्यामुळं टाकायचं असेल तर वळवाच्या ओलीवर, चिखलणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळून ठेवा. उलट बाजूनं पाणी साठल्यावर लोखंडानं धरलेलं जुनं फॉस्फेट थोडं सुटतं, त्यामुळं भाताला बाहेरून स्फुरद तसंही कमी लागतं. घनसाळसारखा आपला जुना भात असेल तर मी रोपवाटिकेत आणि लावणीला थोडं सुपर फॉस्फेट देऊन बाकी शेणखतावर सोडीन.

मेहुण्याला सांगा, आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी १७० किलो स्फुरद, म्हणजे एकरी ६८-६९ किलो. डीएपीनं द्यायचं तर ५० किलोच्या तीन पोती, सुपर फॉस्फेटनं द्यायचं तर साडेआठ पोती. डीएपी नसेल तर सुपर फॉस्फेट घ्या आणि नत्र युरियातून द्या, वाहतूक वाढते पण गंधक मिळतं. सरीत मुळाजवळ, शेणखतात मिसळून, पसरून नाही, म्हणजे मातीशी संपर्क कमी येतो आणि कॅल्शियमनं पकडायला वेळ लागतो. आणि आधी माती तपासा, शिरोळ-हातकणंगल्यात वर्षानुवर्षं डीएपी ओतून उपलब्ध स्फुरद भरपूर झालेली शिवारं मी बघितलीत, तिथं जास्तीच्या स्फुरदानं झिंकची कमतरता येते, पानं पांढरी पडतात आणि लोक अजून एक पोतं डीएपी टाकतात. नदीकाठची जमीन चोपण (सोडियम साठून घट्ट, पाणी न मुरणारी) झाली असेल तर तिथं फॉस्फोजिप्सम कामाला येतं, पण निचरा काढल्याशिवाय नाही.

पिशवी खरी का खोटी बघायचं तर डीएपीचे दाणे तळहातावर चुन्याबरोबर तंबाखूसारखे मळा, नाकात जाणारा अमोनियाचा उग्र वास आला पाहिजे. तव्यावर मंद आचेवर ठेवले की डीएपीचे दाणे फुगतात, सुपर फॉस्फेटचे फुगत नाहीत. सुपर फॉस्फेट पाण्यात घातल्यावर खाली पांढरा गाळ राहतो म्हणून लोक भांडायला जातात, तो जिप्सम आहे, राहणारच. रॉक फॉस्फेट तर सगळाच खाली बसतो. ह्या घरच्या चाचण्यांनी टक्के कळत नाहीत, टक्क्यांसाठी नमुना लॅबलाच द्यावा लागतो.

एक गोष्ट कळकळीनं. घरी म्हशी असतील तर हे रॉक फॉस्फेट "कॅल्शियमच आहे" म्हणून चुकूनही खुराकात घालू नका, मी असं करणारे बघितलेत. ह्यात फ्लोरिन आहे, जनावरांचे दात आणि सांधे जातात. मिनरल मिक्श्चरमध्ये घालतात ते डायकॅल्शियम फॉस्फेट, ते ॲपेटाइटपासूनच बनतं पण फ्लोरिन काढून. समुद्री दगडात थोडं युरेनियम आणि कॅडमियम पण असतं, खतात वर्षानुवर्षं साठत जाण्याच्या दृष्टीनं तो वेगळा विषय आहे, पण जनावराच्या तोंडात तर नकोच.

बाकीचे उपयोग भराभर. काडीपेटीच्या बाजूच्या पट्टीवरचा लाल फॉस्फरस, ॲपेटाइट, कोक आणि वाळू विजेच्या भट्टीत तापवून मिळालेल्या पांढऱ्या फॉस्फरसपासून बनतो. शिरोली, गोकुळ शिरगावला पावडर कोटिंगच्या आधी पत्र्याला फॉस्फेटिंग करतात ते फॉस्फोरिक ॲसिडाच्या क्षारांनी. फाउंड्रीवाल्यांना फॉस्फरस वेगळ्या कारणानं माहीत आहे, बिडात जास्त झाला की ओतीव ठिसूळ होतं. हल्लीच्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीतला शेवटचा शब्द फॉस्फेटच आहे, म्हणजे खत आणि गाडी दोघं आता एकाच दगडाच्या मागं.

राहिला निळा खडा. झगझगीत निळा-हिरवा ॲपेटाइट बहुतेक मादागास्करचा असतो, बऱ्याचदा तापवून रंग खुलवलेला, त्यात लपवायसारखं काही नाही. ग्रहांचं मला विचारू नका. पण पाराइबा तुरमली नावाचा फार महाग खडा दिसायला हुबेहूब असतो, तेव्हा त्या नावानं आणि त्या भावानं दाखवत असतील तर रत्न तपासणाऱ्या लॅबचा कागद मागा. नुसत्या अपवर्तनांकावर (खडा प्रकाश किती वाकवतो त्या आकड्यावर) जाऊ नका, दोघांचा १.६२ ते १.६४ च्या घरातच पडतो. फरक दिसतो तो दुहेरी अपवर्तनात, म्हणजे खड्यात प्रकाशाचे दोन किरण होतात त्यांच्या अपवर्तनांकातल्या अंतरात, तुरमलीचं ०.०१८ ते ०.०२०, ॲपेटाइटचं ०.००८ च्या आतच. ॲपेटाइट म्हणून, ॲपेटाइटच्या भावात दाखवला असेल तर बिनधास्त घ्या, खडा सुंदर आहे.

फक्त अंगठीत नको. रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झ असतं, कठीणपणा ७, रोजच्या वापरात पाच नंबरच्या खड्याची चमक वर्षभरात घासून जाईल. कानातल्यात नाहीतर पेंडंटमध्ये बसवा. डाग मारताना (सांधा जोडताना) ज्योत खड्यावर येऊ देऊ नका, आणि सोनाराला आधीच सांगा की दागिना उजळायचा तो खडा बसवायच्या आधी, बसवल्यावर ॲसिडात बुडवायचा नाही, नंतर घरी धुताना रिठ्याचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरे.